मापाची काडतुसं

डेल्मर होगनने उभा जन्म काटा खरा ठेवण्यात घालवला. बार्कर फ्लॅट गावच्या धान्यकोठारात गव्हाचे ट्रक ज्या वजनकाट्यावरून जायचे, तो काटा त्याच्या ताब्यात होता. शेतकऱ्याचा कोठारवाल्यावर विश्वास नसायचा, कोठारवाल्याचा शेतकऱ्यावर नसायचा, पण डेल्मरवर दोघांचाही असायचा. रोज सकाळी पहिला ट्रक येण्याआधी तो लोखंडी मापं काट्यावर चढवी, काटा मापाबरहुकूम आणी आणि मगच फाटक उघडे. "काट्याचं काय, मनात येईल ते बोलतो," तो म्हणायचा. "माप खोटं बोलत नाही."

निवृत्त झाल्यावर आमच्या पूर्व मोंटानातली माणसं एक तर मासे धरतात, नाही तर कॉफीच्या दुकानात बसून गव्हाच्या भावाला शिव्या घालतात. डेल्मरला मासे आवडत नव्हते आणि शिव्या येत नव्हत्या. त्याने घरामागच्या शेडमध्ये रायफलींचा दाब मोजायचं यंत्र मांडलं.

इथे बहुतेक घरांत काडतुसं घरीच भरतात. झाडलेल्या काडतुसांची पितळी कवचं जपून ठेवायची, त्यांत ठिणगी देणारी नवी टिकली बसवायची, दारू तोलून ओतायची, वर गोळी दाबायची. दुकानातून काडतुसं आणणं म्हणजे घरात लोणच्याची बरणी भरलेली असताना बाजारातून बाटली आणण्यापैकी. पण बार होताना आत दाब किती चढतो, ते भरणाऱ्याला दिसत नाही. पुस्तकात आकडे असतात, पण पुस्तकवाल्याची रायफल वेगळी आणि आपल्या बापाची वेगळी. डेल्मरने नखाएवढी एक पट्टी मागवली, ती नळीच्या मागच्या टोकावर, जिथे काडतूस बसतं तिथे बाहेरून चिकटवली, आणि तिच्या तारा एका डब्यातून संगणकाला जोडल्या. बार झाला की नळी केसभर फुगते, पट्टी ताणली जाते आणि पडद्यावर एक टेकडी उमटते. टेकडी बुटकी असली तर ठीक, उंच गेली तर धोका. समोर गोळीचा वेग मोजणारं यंत्रही होतं, पण लोकांना टेकडीच बघायची असायची. भरल्या दाढीमिशांचे बाप्ये श्वास रोखून पडद्याकडे बघत आणि विचारत, "काय डॉक्टर, वाचेल ना?" शेडला नाव पडलं दवाखाना.

दवाखान्यातही जुनी सवय सुटली नाही. कारखान्यात बनलेल्या काडतुसांचं एक खोकं डेल्मरने वेगळं काढून ठेवलं होतं. त्यांचा दाब किती, ते कारखान्याने सांगितलेलं होतं. कुणीही रायफल घेऊन आलं की तिच्यातून आधी या खोक्यातलं एक काडतूस झाडायचं. यंत्र कारखान्याच्या आकड्यापेक्षा जास्त बोललं तर तेवढं वजा करायचं, कमी बोललं तर वाढवायचं. यंत्र असं मापावर आलं की मग पाहुण्याची काडतुसं. डेल्मर त्यांना मापाची काडतुसं म्हणायचा आणि जिवापाड जपायचा. शेडमध्ये थंडी आणि ओल, म्हणून खोकं स्वयंपाकघरात, लाकडाच्या शेगडीमागच्या फळीवर असे. तिथेच त्याची बायको आर्डिथ हातमोजे वाळत घाली आणि पावाचं पीठ फुगायला ठेवी. कोठारातली लोखंडी मापंही तो गंज चढू नये म्हणून शेगडीजवळच ठेवायचा. त्यामुळे यात काही विचार करण्यासारखं आहे असं त्याला कधी वाटलंच नाही.

दवाखान्याचा पहिला पेशंट मिलो स्टेन्सरूड. दोघं शाळेपासूनचे. मिलो रंगारी होता, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, गावाबाहेर टेकाडावर एकटा राहायचा. दर वर्षी शाळेच्या तळघरात तो पोरांना शिकारीचे नियम शिकवी. या मुलखातल्या निम्म्या लोकांनी रायफल पहिल्यांदा मिलोसमोर हातात धरली. त्याचे नियम सगळ्यांना पाठ होते. काडतुसं भरताना टेबलावर दारूचा एकच डबा. काडतुसं कधी उन्हात, गाडीच्या काचेखाली ठेवायची नाहीत, तापली की दाब चढतो. आणि शेवटचा नियम तो टेबलावर बोट आपटून सांगे: ज्याने भरलं, जबाबदारी त्याची. बंदुकीला दोष नाही, वाऱ्याला नाही, मित्राला नाही.

त्याची स्वतःची रायफल मात्र म्हातारी होती. पहिल्या महायुद्धातली, बापाकडून आलेली, जुन्या ठिसूळ पोलादाची. डेल्मर त्याला दर वेळी सांगायचा, "अरे, ही भिंतीवर टांग आणि नवी घे."

"तुलाही टांगायला पाहिजे भिंतीवर," मिलो म्हणायचा. "आर्डिथला विचारू का?"

त्या जानेवारीत मिलो नवीन काडतुसं भरून घेऊन आला. बाहेर असा कडाका की नाकातले केस गोठत होते. काडतुसं ट्रकच्या मागे उघड्यावर रात्रभर राहिली होती. डेल्मरने मिलोच्या नळीवर पट्टी चिकटवली, शेगडीमागून मापाचं काडतूस आणलं आणि झाडलं. यंत्र जरा जास्त बोललं. डेल्मरने तेवढं वजा केलं. मग मिलोची काडतुसं. एकेक टेकडी उमटत गेली, सगळ्या बुटक्या, गोल, शहाण्या.

"बघ," मिलो पडद्याला नाक लावून म्हणाला. त्याला टेकड्या डेल्मरपेक्षा छान वाचता यायच्या. "चढ सावकाश, उतार सावकाश. माझ्या सासूची चाल."

"म्हातारीला झेपेल," डेल्मर म्हणाला. "पास."

उरलेली मूठभर काडतुसं मिलो तिथेच ठेवून गेला आणि घरी त्याच वजनाने आणखी भरू लागला.

ऑगस्टमध्ये शिकारीच्या मोसमाआधी नेम जुळवायला मिलो आपल्या कुरणात ट्रक घेऊन गेला आणि डेल्मर कॉफीचा थर्मास घेऊन मागोमाग पोचला. ऊन असं की गवत कडकड वाजत होतं. मिलोने बॉनेटवर वाळूची पिशवी ठेवून दोन बार काढले. तिसऱ्याला रायफल फुटली. आवाज वेगळाच आला, आणि मिलो उभा होता तिथेच खाली बसला. उजवा डोळा जागेवर नव्हता, हाताची दोन बोटं गेली होती. डेल्मरने शर्ट काढून त्याच्या तोंडाला बांधला, त्याला ट्रकमध्ये कोंबलं आणि चाक धरलं. काचेखाली डॅशबोर्डवर काडतुसांचं खोकं पडलं होतं, ते घसरून मांडीवर आलं. डेल्मरने ते खाली भिरकावलं. हात भाजला, पण त्या वेळी हाताकडे कोण बघतो?

शेरीफचा माणूस मिलोच्या घरी जाऊन आला तेव्हा त्याला टेबलावर दारूचे दोन डबे दिसले. एक रायफलीच्या दारूचा, एक पिस्तुलाच्या. पिस्तुलाची दारू झपाट्याने जळते, ती चुकून रायफलीच्या काडतुसात गेली तर लोखंडाच्या चिंधड्या होतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत असतं. खोक्यात उरलेली काडतुसं उघडून पाहिली, त्यांत दारू बरोबर होती. म्हणजे तेवढं एकच चुकलं असणार. मिलोला विचारलं, दोन डबे का काढले होतेस? मिलो म्हणाला, "आठवत नाही."

डोकं आपटलेलं, भूल दिलेली, डोळा गेलेला. त्याला त्या आठवड्यातलं काहीच आठवत नव्हतं. पण पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाने हे तीन शब्द उच्चारले की त्याच्या पोरांच्या चेहऱ्यावर काय उमटतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. मिलोची मुलगी रोंडा बिलिंग्ज शहरातून आली होती. चांगली बाई, बापावर जीव होता तिचा. इस्पितळाच्या बाहेर तिने डेल्मरला गाठलं.

"डेल्मर, खरं सांगा. ही काडतुसं तुम्ही तपासली होती ना? तुमच्या यंत्राचं काही चुकलं असेल का?"

डेल्मरने रात्रभर तोच विचार केला होता. "यंत्र मापावर लावलेलं होतं, रोंडा," तो म्हणाला. "टेकडी बुटकी होती."

"मग डॅडकडूनच झालं."

 डेल्मरलाही तसंच वाटत होतं.

रोंडाने बापाला बिलिंग्जच्या वृद्धाश्रमात नेलं. एकटा राहणारा, एक डोळा, अर्धा हात, आणि वर विसरभोळा. काय चुकलं तिचं? टेकाडावरचं घर विकायला काढलं. गावात लोक हळहळले आणि हळूच म्हणाले की मिलोचं डोकं तसं मागेच सरकायला लागलं होतं. एकाला आठवलं की त्याने चर्चमध्ये टोपी विसरली होती. टोपी काय, मीही दर आठवड्याला विसरतो. पण माणूस एकदा त्या रांगेत उभा केला की त्याची टोपीसुद्धा साक्षीला येते.

डेल्मर दर रविवारी फोन करायचा. मिलो हवापाण्याचं बोलायचा, जेवणाला नावं ठेवायचा, आणि फोन ठेवण्याआधी एकदा तरी म्हणायचा, "डेल्मर, मी जन्मात टेबलावर दोन डबे ठेवले नाहीत रे. काहीतरी दुसरं असेल. असेल ना?" तेवढी एक गोष्ट त्याने धरून ठेवली होती. डेल्मर म्हणायचा, "असेल," आणि फोन ठेवायचा.

पुन्हा जानेवारी आला. शेजारच्या गावचा एक जण रायफल घेऊन आला तेव्हा डेल्मरने बऱ्याच महिन्यांनी दवाखाना उघडला. शेगडीमागून मापाचं काडतूस घेऊन तो शेडमध्ये गेला. पाहुण्याने आपलं काडतूस पुढे केलं, ते डेल्मरने दुसऱ्या हातात घेतलं आणि तसाच थांबला. एक हात उबदार होता. दुसऱ्या हाताला पितळ बर्फासारखं डसत होतं.

"काय झालं?" पाहुण्याने विचारलं.

"घरी जा," डेल्मर म्हणाला. "आज जमणार नाही."

लोखंडाचं माप शेगडीजवळ ठेवा की बर्फात ठेवा, वजन तेच. काडतुसाचं तसं नसतं. उन्हाचा नियम त्याला पाठ होता, पण शेगडी आणि ऊन एकच, हे कोठारात जन्म काढलेल्या माणसाच्या डोक्यातच आलं नाही. उबेतलं मापाचं काडतूस जास्त दाब देणारच. यंत्र खरं बोलत होतं, आणि त्याने मापाच्या भरवशावर यंत्राला खोटं ठरवून आकडा खाली ओढला होता. वर मिलोची काडतुसं रात्रभर गोठलेली. दुहेरी फसवणूक झाली, आणि ती त्याच्याच हाताने.

त्याने मापाचं एक काडतूस रात्रभर शेडमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी झाडलं. आकडा खाली आला. मग त्याने मिलोची उरलेली काडतुसं काढली. स्वतःची नवी, दणकट रायफल टेबलाला आवळली, एक काडतूस ट्रकच्या हीटरसमोर ऑगस्टच्या उन्हाइतकं तापवलं, नळीत घातलं, आणि भिंतीआड उभं राहून दोरीने चाप ओढला. पडद्यावर जे उमटलं ती टेकडी नव्हती, सुळका होता. दुसऱ्यांदा केलं, पुन्हा सुळका. मिलोच्या म्हाताऱ्या रायफलीला तो झेपणं शक्यच नव्हतं.

डेल्मर शेडमध्ये स्टुलावर बसला आणि रडला. आर्डिथ दारात येऊन उभी राहिली.

"त्याने चूक केली नव्हती," डेल्मर म्हणाला. "दारू बरोबर होती. डोकं ठिकाणावर होतं त्याचं. मी केलं हे."

आर्डिथने त्याच्या खांद्यावर कोट टाकला. "मग त्याला घरी आण," ती म्हणाली.

डेल्मरने रोंडाला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. शेवटी ती म्हणाली, "तुम्ही फार चांगले मित्र आहात, डेल्मर. पण डॅडसाठी असं अंगावर घेऊ नका."

"अगं, अंगावर घेत नाहीये. खरंच माझं चुकलं."

"सगळे मला सांगतातच, तुमच्यासारखा मऊ माणूस नाही म्हणून." ती थकली होती. "घराला गिऱ्हाईक आलंय. येत्या आठवड्यात व्यवहार आहे. मी काही कसाई नाही हो. डॅडने स्वतः म्हटलं ना, की मी ठीक आहे, मला घरी जायचंय, तर मी उद्या सगळं थांबवते. पण ते म्हणतच नाहीत."

म्हणजे मिलोला पटवायला हवं होतं, एवढंच. डेल्मरला धीर आला. टेकडी वाचायला मिलोला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्याने दोन्ही आलेख कागदावर काढून घेतले, जानेवारीचा आणि सुळक्याचा. आर्डिथने गोठवून ठेवलेल्या रुबार्बच्या आंबट देठांचं सारण भरलेली गोड पाई भाजून दिली, मिलोच्या आवडीची. "पुढच्या वेळी त्याच्याच स्वयंपाकघरात खायची म्हणावं," ती म्हणाली.

वृद्धाश्रमात मिलो खिडकीशी बसला होता. दाढी कुणीतरी दुसऱ्याने केलेली दिसत होती. पलीकडे रोंडा उभी होती, हात बांधून.

"आलास? वजन वाढलंय तुझं," मिलो म्हणाला. "काटा बघतोस की नाही घरी?"

डेल्मरला हसू आलं आणि बरंही वाटलं. हा माणूस विसरभोळा? त्याने सुळक्याचा कागद त्याच्या हातात दिला. मिलोने तो तीन बोटांच्या हातात धरला, चांगल्या डोळ्यासमोर नेला, आणि क्षणात त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"बाप रे. चढ बघ कसला उभा. हे कुणी भरलं? त्याला सांग, दारूला हात लावू नकोस जन्मात."

"तू भरलंस," डेल्मर म्हणाला. "तुझ्याच काडतुसांतलं आहे. दारू तीच, वजन तेच. तुझं काहीसुद्धा चुकलं नव्हतं, मिलो. माझं माप चुकलं." आणि त्याने घडाघडा सगळं सांगितलं. शेगडीमागची फळी, ट्रकमध्ये गोठलेली काडतुसं, वजा केलेला आकडा. दोन डब्यांचा काही संबंध नव्हता. थंडीत टेकडी बुटकी दिसली, आणि ऑगस्टात डॅशबोर्डवर काडतुसं तापली तेव्हा खरी उंची बाहेर आली.

मिलो लक्ष देऊन ऐकत होता, मान हलवत होता. शाळेच्या तळघरात एखादं पोर बरोबर उत्तर द्यायचं तेव्हा तो असाच ऐकायचा. "बरोबर," तो पुटपुटला. "शेगडी. बरोबर आहे तुझं." आणि मग तो थांबला.

"डॅशबोर्डवर?" त्याने विचारलं.

डेल्मरने घाईने जानेवारीचा कागदही त्याच्या हातात दिला.

"माझी काडतुसं डॅशबोर्डवर होती? ऑगस्टात? काचेखाली?"

"मिलो, ते महत्त्वाचं नाही. मी पास केलं नसतं तर..."

"होती का?"

"होती," डेल्मर म्हणाला. "माझा हात भाजला."

मिलोने दोन्ही कागद मांडीवर ठेवले आणि त्यांच्या कडा नीट जुळवल्या. कितीतरी वर्षं त्याने हा नियम फळ्यावर लिहिला होता. "मी इतके दिवस डबे आठवत बसलो," तो म्हणाला. "मला वाटायचं, काहीतरी दुसरं असणार. हेच होतं होय ते."

"अरे, कुणाचंही होतं असं. घाईत ठेवलं असशील."

"माझं नाही होत. पोरांना मी घरी पाठवायचो याच्यासाठी." त्याचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "ज्याने भरलं, जबाबदारी त्याची. तुझी नाही, तुझ्या शेगडीची नाही. तू कशाला स्वतःला खातोस?"

"मिलो, ऐक. रोंडा इथे आहे. तू फक्त म्हण की घरी जायचंय. ती थांबवते सगळं."

रोंडाने हात सोडले आणि एक पाऊल पुढे आली. तिचे डोळे भरले होते. त्या क्षणी बापाने 'हो' म्हटलं असतं तर तिने गिऱ्हाइकाला तिथल्या तिथे फोन केला असता, यात मला शंका नाही.

"नको," मिलो म्हणाला. "मी विसरायला लागलोय. आता पक्कं कळलं. एकट्याने राहायचा माणूस नाही मी. रोंडा, घर देऊन टाक गं."

रोंडाने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि डेल्मरकडे बघून म्हणाली, "बघितलंत ना? तेच म्हणतायत." तिच्या बोलण्यात राग नव्हता. कॉफी आली, पाई कापली गेली. मिलोने दोन घास खाल्ले, छान झालीय म्हणाला आणि बशी बाजूला सारली. निघताना त्याने डेल्मरला जानेवारीचा कागद परत दिला. सुळक्याचा स्वतःकडे ठेवला.

डेल्मर घरी पोचला तेव्हा आर्डिथ शेगडीत लाकूड सारत होती. मागच्या फळीवर हातमोजे आणि मापाच्या काडतुसांचं खोकं अजून तसंच होतं. तिने मिलोसाठी पाहुण्यांची खोली झाडून ठेवली होती, त्याचं घर गरम होईपर्यंत दोन दिवस इथेच राहू दे म्हणून. ट्रकचा आवाज ऐकून तिने दाराकडे पाहिलं. दारात डेल्मर एकटाच होता.

"पटलं नाही का त्याला?" तिने विचारलं.

"पटलं," डेल्मर म्हणाला. "सगळं पटलं."

त्याने कोट खुंटीला लावला आणि हात धुवायला गेला.